दिसणे आणि ऐकू येणे : प्रस्तावना

उपग्रहाच्या कक्षेचे गणित करणारी माणसे आणि त्याच्या रेडिओचे गणित करणारी माणसे एकाच प्रकल्पावर काम करतात, पण सहसा एका टेबलाशी बसत नाहीत. पहिल्यांना केप्लर, न्यूटन आणि विकलक समीकरणे जवळची, तर दुसऱ्यांना डेसिबल, अँटेना आणि नॉइज. विद्यापीठांतही एक विषय खगोलशास्त्र किंवा एरोस्पेसच्या वाट्याला जातो आणि दुसरा इलेक्ट्रॉनिक्सच्या. हे पुस्तक ज्या सॉफ्टवेअरविषयी आहे ते ही वाटणी मानत नाही. ती मानली की काय होते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण थेट शनीजवळचे आहे.

१९९७ साली निघालेल्या कॅसिनी यानाच्या पोटात हॉयगन्स नावाची कुपी होती. शनीच्या टायटन या चंद्रावर ती पॅराशूटने उतरणार होती आणि उतरताना मिळालेली सगळी माहिती वरून जाणाऱ्या कॅसिनीला रेडिओने देणार होती. यान निघून दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २००० सालच्या सुरुवातीला, बोरिस स्मेड्स या युरोपीय अंतराळ संस्थेच्या अभियंत्याने एक चाचणी घडवून आणली. हॉयगन्सच्या संदेशाची नक्कल पृथ्वीवरून कॅसिनीकडे पाठवायची आणि त्यात प्रत्यक्ष मोहिमेत होईल तेवढे डॉप्लर सरकणेही, म्हणजे सापेक्ष वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरकही, घालायचे, अशी ती चाचणी. हा आग्रह त्याने धरला नसता तर काय झाले असते, कल्पनाही करवत नाही. दोन्ही यानांमधला सापेक्ष वेग सेकंदाला साधारण साडेपाच किलोमीटर असणार होता. एवढ्या वेगाने वाहक लहरीची वारंवारता सरकते हे सर्वांनी धरलेले होते. पण बिटांचा ठेकाही त्याच प्रमाणात सरकतो, आणि तो पकडणारा ग्राहक यंत्रातला भाग तेवढी सूट देत नव्हता. वाहक लहर स्वच्छ ऐकू यायची, पण तिच्यावरची माहिती विस्कटलेली निघायची.

ग्राहक यंत्रातली ती मांडणी पृथ्वीवरून बदलता येण्यासारखी नव्हती. मग उपाय कक्षेच्या बाजूने झाला. मूळ आराखड्यात कॅसिनी टायटनच्या १,२०० किलोमीटर इतक्या जवळून जाणार होते. नव्या आराखड्यात ते ६०,००० किलोमीटरहून दूर ठेवले गेले. इतक्या दुरून जाताना यानाचा बराचसा वेग दोघांना जोडणाऱ्या रेषेला आडवा पडतो, जवळ येण्याचा वेग कमी होतो आणि डॉप्लर सरकणेही आवाक्यात राहते. अंतर वाढल्याने संदेश क्षीण होणार, पण तेवढी शिल्लक हिशेबात होती. १४ जानेवारी २००५ रोजी हॉयगन्स टायटनवर उतरले आणि माहिती हाती आली. रेडिओतला दोष मार्ग बदलून दुरुस्त झाला. या क्षेत्राचे सार मला याच एका प्रसंगात दिसते.

म्हणून नव्या वाचकाला माझी पहिली विनंती ही, की कक्षेची प्रकरणे आणि दुव्याची, म्हणजे रेडिओसंपर्काची, प्रकरणे वेगवेगळी वाचू नका. या सॉफ्टवेअरला आपण शेवटी एकच प्रश्न विचारतो : कोण कोणाला केव्हा दिसेल आणि दिसले तर किती स्पष्ट ऐकू येईल? पडद्यावर फिरणारी निळी पृथ्वी, तिच्याभोवतीच्या रंगीत रेषा, आलेख, तक्ते हे सगळे त्या प्रश्नाच्या उत्तराची सजावट आहे. सजावटीला माझी हरकत नाही, पण तिच्या मोहात पडून आकडे तपासायचे राहून जातात हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

एक साधा उपग्रह घेऊ. तो ५०० किलोमीटर उंचीवर, ध्रुवांजवळून जाणाऱ्या कक्षेत आहे आणि त्याचा रेडिओ ४३७ मेगाहर्ट्झवर बोलतो. विद्यार्थ्यांनी बनवलेले बहुतेक छोटे उपग्रह याच जातीचे असतात. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर आणि एका फेरीला साडेचौऱ्याण्णव मिनिटे. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याच्याखालून पूर्वेकडे जवळजवळ चोवीस अंश सरकलेली असते. त्यामुळे पुण्यात अँटेना लावून बसलेल्या माणसाला तो दिवसाकाठी चार-पाच वेळाच भेटतो आणि उरलेल्या फेऱ्या क्षितिजाखालून निघून जातात. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर, ७८ अंश उत्तरेला, हाच उपग्रह प्रत्येक फेरीत दिसतो. इतक्या थंड आणि आडबाजूच्या जागी एवढ्या मोठ्या अँटेना कोणी हौसेने उभारलेल्या नाहीत.

पुण्यातली भेट अगदी डोक्यावरून गेली तरी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत अकरा-बारा मिनिटांची असते. उगवताना उपग्रह आपल्यापासून सुमारे २,५७० किलोमीटर दूर असतो, माथ्यावर ५०० किलोमीटर आणि मावळताना पुन्हा तितकाच दूर. रेडिओलहरीची शक्ती अंतराच्या वर्गाने विरळ होते. हराल्ड फ्रीस यांनी १९४६ साली मांडलेल्या सूत्रात आकडे घातले तर माथ्यावरची घट १३९ डेसिबल निघते, म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा साधारण ऐंशी लाख कोटींवा हिस्सा. क्षितिजावर त्यात आणखी चौदा डेसिबलांची भर पडते, म्हणजे संदेश आणखी सव्वीस पट क्षीण. त्याच भेटीत डॉप्लरमुळे ऐकू येणारी वारंवारता सुरुवातीला सुमारे दहा किलोहर्ट्झ वर आणि शेवटी तितकीच खाली असते. माथ्याजवळून जाताना ती सर्वांत वेगाने घसरते, म्हणजे संदेश सर्वांत जोरकस असतो नेमके तेव्हाच रेडिओला सर्वांत चपळ राहावे लागते. आता दर सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने दहा मिनिटे सलग माहिती उतरली असे धरा. हाती येतात सुमारे ७०० किलोबाइट, मोबाइलने काढलेल्या एका बऱ्या फोटोहून कमी. उपग्रहात कोणता कॅमेरा बसवायचा, किती चित्रे काढायची, बॅटरी केव्हा वापरायची, हे सगळे निर्णय या एका गुणाकारापाशी येऊन थांबतात. आणि तो गुणाकार कक्षा ठरवते.

कक्षेचे गणित जुने आहे. केप्लरने सतराव्या शतकात मांडलेले समीकरण आजही या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या तळाशी आहे आणि ते साध्या बीजगणिताने उलटवता येत नसल्याने आजही ते पुन्हापुन्हा अदमास घेतच सोडवले जाते. पण पृथ्वी ही केप्लरच्या कागदावरचा बिंदू नव्हे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे आणि तेवढ्या फुगीरपणामुळे कक्षेचे प्रतल हळूहळू फिरते. हे फिरणे म्हणजे निव्वळ कटकट असे वाटेल, पण अभियंत्यांनी तिचा उपयोग करून घेतला. ५०० किलोमीटर उंचीवर कक्षेचा कल साधारण ९७.४ अंश ठेवला की प्रतल दिवसाला जवळजवळ एक अंश फिरते, म्हणजे सूर्याच्या वार्षिक चालीशी जुळते आणि उपग्रह एका ठिकाणावरून कायम त्याच स्थानिक वेळी जातो. भूनिरीक्षणाचे बहुतेक उपग्रह या सूर्यसमकालिक कक्षेत असतात.

रेडिओ आणि कक्षा यांची पहिली सार्वजनिक भेट ऑक्टोबर १९५७मधली. स्पुटनिक वर गेल्यावर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतले विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याची २० मेगाहर्ट्झवरची पिकपिक ऐकत बसले. ती पिकपिक कशी सरकते एवढ्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला : कक्षा माहीत असेल तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? त्या प्रश्नातून ट्रान्झिट ही उपग्रहांवर चालणारी पहिली दिशादर्शन प्रणाली जन्मली. आज फोनवर आपण कुठे आहोत हे पाहताना ज्या विचाराचा उपयोग होतो, त्याचा उगम एका दुव्याच्या डॉप्लरमध्ये आहे.

आता त्या दोन ओळींकडे येऊ, ज्यांच्याशी प्रत्येक नवशिक्याची गाठ पडते. प्रत्येकी ६९ अक्षरांच्या दोन ओळींत एका उपग्रहाची कक्षा लिहिण्याची पद्धत पंचकार्डांच्या काळातली आहे आणि ती अजून जिवंत आहे. अमेरिकी लष्कर रडार आणि दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून या ओळी तयार करते; टी. एस. केल्सो यांचे सेलेस्ट्रॅक १९८५पासून त्या सर्वांना उपलब्ध करून देत आले आहे. या ओळींतले आकडे पाहून विद्यार्थी त्यांना कक्षेची खरी मापे समजतात आणि सरळ केप्लरच्या समीकरणात घालतात. तिथे फसगत होते. ते आकडे एका विशिष्ट प्रतिमानाने, एसजीपी-४ने, सरासरी काढून घडवलेले असतात आणि त्याच प्रतिमानातून परत उलगडले तरच अर्थ देतात. १९८० साली फोरट्रान आज्ञावलीसह ते प्रसिद्ध झाले, म्हणून जगभरच्या हौशी माणसांना उपग्रह शोधता आले. २००६ साली डेव्हिड व्हॅलॅडो आणि सहकाऱ्यांनी त्याच्या इकडेतिकडे विखुरलेल्या आवृत्त्या तपासून एक नीट आवृत्ती मांडली. आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तीच, किंवा तिचीच संतती, चालते. दरम्यान पाच अंकी उपग्रह-क्रमांकाची जागाही अपुरी पडू लागली आहे, त्यामुळे या ओळी हळूहळू नव्या स्वरूपांना वाट करून देतील. मला त्यांचा थोडा लळा आहे, हे कबूल करतो.

या ओळी शिळ्या होतात. कमी उंचीच्या उपग्रहासाठी त्या काढल्या क्षणी चूक साधारण किलोमीटरभर असते आणि पुढे रोज आणखी एक ते तीन किलोमीटर वाढत जाते. अँटेना वळवायला हे चालून जाते, टक्कर टाळायला चालत नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर इरिडियम ३३ हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस २२५१ हा मृत रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले आणि मोजता येतील असे दोन हजारांहून अधिक तुकडे झाले. त्या दिवशी सेलेस्ट्रॅकच्या सार्वजनिक तक्त्यात ही भेट नोंदलेली होती. अपेक्षित अंतर होते ५८४ मीटर. त्याहून जवळच्या अनेक भेटी त्याच यादीत होत्या आणि त्या सगळ्या निर्धोक पार पडल्या. गणित चुकले असे म्हणता येत नाही. किलोमीटरभर चूक असलेल्या माहितीतून ५८४ मीटर हा आकडा येतो तेव्हा तो किती विश्वासाने वाचायचा, हे आकड्यासोबत लिहिलेले नव्हते. म्हणून या पुस्तकात प्रत्येक उत्तराशेजारी त्याची अनिश्चितताही मांडण्याचा हट्ट धरला आहे. काही वाचकांना तो त्रासदायक वाटेल.

वातावरणाचेही असेच. ५०० किलोमीटरवर हवा जवळजवळ नाही, पण अगदीच नाही असेही नाही. आणि सूर्य खवळला की ती फुगते. फेब्रुवारी २०२२मध्ये पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना सुमारे २१० किलोमीटर उंचीवर येणाऱ्या कक्षेत सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसपर्यंत उपग्रह एका मध्यम चुंबकीय वादळाने हवेचे घर्षण वाढल्यामुळे गेले. त्यामुळे आठवडाभर पुढची भेट सेकंदाच्या अचूकतेने सांगणारा तक्ता दिसला, की त्या दिवसांत सूर्य काय करणार आहे हे त्याला कुठून कळले, असे विचारावे.

दुव्याच्या बाजूचा हिशेब वरवर सोपा दिसतो. पाठवलेली शक्ती, दोन्ही अँटेनांची भर, वाटेतली घट, ग्राहक यंत्राचा नॉइज, सगळे डेसिबलमध्ये लिहायचे आणि बेरीज-वजाबाकी करायची. याला लिंक बजेट म्हणतात. आर्वीचे उदाहरण घ्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात आर्वीला उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले तेव्हा त्याच्या तबकडीचा व्यास तीस मीटरच्या घरात होता. आज घराच्या गच्चीवर साठ सेंटिमीटरची तबकडी टीव्ही दाखवते. क्षेत्रफळात हा फरक अडीच हजार पट, म्हणजे चौतीस डेसिबलांचा. त्या काळचे उपग्रह शक्तीने दुबळे होते, म्हणून हिशेबातला हा भार जमिनीने उचलला. उपग्रह बलवान झाले, वारंवारता वाढली, संदेशाची बांधणी सुधारली आणि भार आकाशाकडे सरकला. बजेट म्हणजे हा भार कोणी किती उचलायचा याचा करार.

गच्चीवरच्या त्या तबकडीकडे ३६,००० किलोमीटरवरून १२ गिगाहर्ट्झवर संदेश येतो आणि वाटेत २०५ डेसिबल गमावतो. तेवढे धरलेले असते. पंचाईत पावसाने होते. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ऐन रंगात आलेला सामना पावसात गोठलेला त्याने पाहिलेला असतो. समजावण्याची गोष्ट वेगळी आहे. घट ठरते ती किती पाऊस पडला यावर नव्हे, तासाला किती मिलिमीटर या दराने पडतो त्यावर. श्रावणातली दिवसभराची रिपरिप दुव्याला फारशी जाणवत नाही. मे महिन्याच्या अखेरीस अर्धा तास कोसळणारा वळीव त्याला आडवा करतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची यासाठीची प्रतिमाने, ज्यांत पी.६१८ हे सर्वांत परिचित, अनेक सॉफ्टवेअरमध्ये तयार असतात. ती वर्षाच्या किती टक्के वेळात घट किती डेसिबलांच्या वर जाईल हे सांगतात. ०.०१ टक्का म्हणजे वर्षाकाठी सुमारे त्रेपन्न मिनिटे. समशीतोष्ण युरोपात ही मिनिटे वर्षभर बऱ्यापैकी विखुरतात. आपल्याकडे ती चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दुपारींत गोळा होतात. वर्षाचा आकडा सुंदर आणि जुलै भीषण, असे होऊ शकते. म्हणून सर्वांत वाईट महिन्याचा हिशेब वेगळा करावा, आणि त्यासाठीही शिफारस आहे. अनुभव असा, की सॉफ्टवेअरमध्ये ती निवडायची राहून जाते.

साधनांविषयी थोडक्यात. उद्योगात सर्वाधिक नाव एसटीकेचे. १९८९ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या अॅनालिटिकल ग्राफिक्स या कंपनीचे ते अपत्य असून २०२० साली ते अॅन्सिसकडे गेले. कक्षा, दृश्यता, दुवा, पाऊस, अडथळे हे सगळे एकाच छत्राखाली आणण्यात त्याने दिलेला धडा मोठा आहे. ते विकत घेणे प्रत्येक महाविद्यालयाला परवडेल असे नाही. मोहिमेच्या मार्गासाठी नासाचे जीमॅट आणि फ्रान्समध्ये विकसित झालेले ओरेकिट खुले आहेत. पायथॉन जाणणाऱ्याने ब्रँडन ऱ्होड्स यांच्या स्कायफील्डपासून सुरुवात करावी, आणि केवळ आज संध्याकाळी कोणता उपग्रह डोक्यावरून जाईल हे पाहायचे असेल तर जीप्रेडिक्ट पुरे. या यादीवरून भांडणारे लोक मला भेटतात. दोन साधनांची उत्तरे जुळत नाहीत तेव्हा त्यातले कोणते चांगले यापेक्षा ती कोणत्या संदर्भचौकटीत आणि कोणत्या कालमापनात बोलत आहेत हे आधी पाहावे. फरक बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी हा विषय हाताने शिकून दाखवला आहे. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ने वीस उपग्रह नेले, त्यात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आपल्या सीओईपीचा, ‘स्वयम्’ होता : किलोभराहून किंचित हलका, संदेश साठवून पुढे देणारा. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ गेला. आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी. ‘स्वयम्’ला दिशा देण्यासाठी वीज खाणारी यंत्रणा नव्हती, चुंबक होता. चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषांशी जुळू पाहतो आणि त्या रेषा विषुववृत्तापाशी आडव्या, तर ध्रुवांपाशी उभ्या असतात. म्हणजे उपग्रह कोणत्या अक्षांशावर आहे यावर त्याच्या अँटेनाचे तोंड ठरणार आणि त्यावर तुमच्या लिंक बजेटमधला एक आकडा. पुन्हा तेच : कक्षा सोडवल्याशिवाय रेडिओ सुटत नाही. शिवाय एका रॉकेटमधून वीस वस्तू सुटल्या की पहिले काही दिवस यादीतल्या कोणत्या ओळी कोणाच्या हे कळत नाही. तेव्हा संदेशाचे डॉप्लर मोजून, ते प्रत्येक ओळीशी ताडून आपला उपग्रह ओळखावा लागतो. गायर आणि वायफेनबाख यांचीच युक्ती.

याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटरच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कायापरेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा छोटा रेडिओ वरून जाणाऱ्या यानाशी, म्हणजे काही हजार किलोमीटरवरच्या श्रोत्याशी, बोलण्यासाठी होता. पृथ्वीपर्यंत संदेश यायला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. एवढ्या अंतरावरून त्यातली माहिती उलगडणे अशक्यच. पण माहिती नसलेली नुसती वाहक लहर अगदी अरुंद पट्ट्यात मावते आणि अरुंद पट्ट्यात नॉइजही कमी शिरतो. ती कुठे सरकत असेल हे मार्गाच्या गणितातून आधीच माहीत असले की शोधता येते. खोडदला ती दिसली आणि अपेक्षित उतरण्याच्या थोडे आधी थांबली. यान आदळले होते. उंचीच्या चुकीच्या हिशेबामुळे त्याने पॅराशूट वेळेआधी सोडले होते, हे पुढे तपासात निघाले.

पुस्तकाची मांडणी नेहमीच्या क्रमाने नाही. बहुतेक पुस्तके केप्लरपासून सुरू होतात, हे वेळेपासून सुरू होते. ५०० किलोमीटरवरचा उपग्रह एका सेकंदात साडेसात किलोमीटर पुढे जातो, त्यामुळे घड्याळातली चूक ही थेट जागेतली चूक असते. जागतिक प्रमाणवेळ आणि भारतीय प्रमाणवेळ यांतले साडेपाच तास विसरणारा विद्यार्थी मोकळ्या आकाशाकडे अँटेना धरून बसतो. जीपीएसची वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतले अठरा सेकंद विसरणारा त्याहून वाईट अवस्थेत असतो, कारण त्याला उपग्रह सापडतो, पण नेहमी थोडा भलतीकडे. वेळेनंतर संदर्भचौकटी, मग दृश्यता, मग डेसिबल, आणि कक्षेची क्षोभगणिते त्यानंतर. गणिताची तयारी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाइतकी असली तर अडचण येऊ नये. सदिश आणि त्रिकोणमिती मात्र हाताशी हवी. पहिल्या प्रकरणातली सगळी उदाहरणे कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर यांनी सुटतात. संगणक दुसऱ्या प्रकरणापासून लागेल.